नदीला फुंकणी लावणारे नाना

माणूस बुडताना दिसला तर उडी मारण्याआधी पाणी किती खोल आहे ते बघावं, एवढी अक्कल मला पन्नाशीत आली आणि तीही नानांमुळे. मुंबईतली विम्याची नोकरी मुदतीआधीच सोडून मी गावी परतलो होतो. आगरदांड्याच्या खाडीला मिळणारी आमची छोटी नदी, तिच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर आमची जागा, तिथे पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधायच्या असा बेत होता. परतल्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी नदीकाठाने चाललो होतो, तर पात्रात एक म्हातारा ओणवा पडलेला. कपाळ पाण्याला टेकलेलं आणि चट्ट्यापट्ट्यांची चड्डी आभाळाकडे. मी "अहोऽऽ" करून ओरडलो, चपलांसकट धावलो, उडी घेतली आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. पाणी वीतभर होतं. माझा अंगठा दगडावर ठेचला, खिशातला मोबाइल निवर्तला आणि आम्ही दोघं पाण्यात शेजारी शेजारी बसलो. म्हाताऱ्याने तोंडातलं पाणी थुंकलं आणि विचारलं, "कोण रं तू? मोजत व्हतो ना मी!"

ते मोजत होते बुडबुडे. चुलीचा विस्तव फुलवायची लोखंडी फुंकणी त्यांनी नदीच्या तळातल्या बारीक गोट्यांत वीतभर रुतवली होती आणि वरच्या टोकाने ते नदीत फुंकत होते. गोटे मोकळे असतील तर हवा आतून वाट काढत जाते आणि हातभर लांबवर, इथे एक तिथे दोन असे बुडबुडे वर येतात. गोट्यांच्या फटींत गाळ बसला असेल तर हवा कुठेच जात नाही, फुंकणाऱ्याचे गालच तेवढे फुगतात. ही परीक्षा नाना दर पंधरवड्याला घ्यायचे. गावात त्यांना सगळे फुंकणीनाना म्हणत. मुरुडहून फिरायला आलेल्या एका बाईंना ते कोणी सिद्धपुरुष वाटले. त्यांनी भर पात्रात नानांच्या पाया पडून मुलीच्या लग्नाचं विचारलं. नाना म्हणाले, "पोरीचं ठाव न्हाय, बाय. पन तुजा पाय माज्या अंड्यांवर हाय, तो काढ." बाई थेट एस.टी. स्टँडवर जाऊन थांबल्या.

अंडी माशांची. आमच्या नदीत खडस नावाचा मासा आहे, मोठमोठ्या खवल्यांचा, पितळेसारखा चमकणारा. पाऊस स्थिरावला की तो वाहत्या पाण्यातल्या गोट्यांवर अंडी घालतो. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात, फटींतून पाणी खेळत राहतं आणि त्या पाण्यावर ती जगतात. आमच्या नदीत अशा गोट्यांच्या जागा पूर्वी पाचसहा होत्या. कुठे वरची झाडी तुटली, कुठे डोंगर खणला गेला, एकेक जागा गाळाने भरली. उरली होती ती एकच, चार खाटा मावतील एवढी. तिला नाना 'पाळणा' म्हणायचे. हा पाळणा गेला तर नदीतला खडसही गेला, हे नानांना पक्कं ठाऊक होतं आणि गावाला नाना रोज सांगत असल्यामुळे ठाऊक होतं.

"अंडी बुडून मरत न्हाईत," नानांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "गुदमरून मरतात. तुला कनगीत बसवला आन वरनं तांदळाचं पीठ वतलं, तर कसा वाटंल?" मी शहाणपणाने म्हणालो, "पण नाना, पीठ तर खाता येतं." त्यांनी नानींना हाक मारली, "आगं, ह्यो मुंबईला काय करीत व्हता म्हनालीस?"

नानी म्हणजे फुंकणीच्या खऱ्या मालकीणबाई. घरात गॅस येऊन वर्षं झाली होती, पण अंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं, आणि नेमकं तेव्हाच फुंकणी नदीवर गेलेली असायची. परत यायची तेव्हा आतून शेवाळ. "एकदा फुंकली तं चुलीत बेडूक पडला," असं नानी कोणालाही ऐकवायच्या. बेडूक खरा होता की नाही देव जाणे, पण गोष्ट सांगताना दर वेळी तो थोडा मोठा व्हायचा. मी त्या घरात जायला लागलो तेव्हा तो जवळजवळ कोंबडीएवढा झाला होता.

नानींची दया येऊन मी सुधारणा करायला गेलो. फुंकणीऐवजी सायकलचा पंप आणला. नळीचं तोंड गोट्यांत खुपसलं, नानांना म्हटलं, "आता बघा विज्ञान," आणि सगळा जोर लावून दांडा दाबला. नेमका मी पाळण्याच्या कडेला, साचलेल्या चिखलात उभा होतो. हवेला खाली वाट मिळाली नाही, म्हणून ती चिखल घेऊन वर आली, आणि माझं विज्ञान माझ्याच नाकात गेलं. मी शिंकत काठावर बसलो. नाना पाण्यात वाकून म्हणाले, "हितं गाळ हाय. बरं झालं, कळलं." तो पंप पुढे नानींनी ठेवून घेतला. त्या चुलीसाठी तो वापरायच्या, आणि आमच्यात सुधारलेल्या म्हणाल तर त्या एकट्याच.

एक सांगायला हवं. नाना काही जीवदया मंडळाचे नव्हते. खाडीवरून माशांची टोपली घेऊन येणाऱ्या चंद्राबाई कोळणीशी त्यांची रोज सकाळी घासाघीस चालायची आणि बोंबलाचं कालवण असेल त्या दिवशी ते नदीवरही उशिरा जायचे. मी एकदा विचारलं, "नाना, एवढा जीव लावता, मग खडस खात नाही का?" "खातो तं! मोठा झाला, दोनचार येळा त्यानं पोरं घातली, मंग खातो. पन पाळण्यातला कोन खातो रं?" आणि मग आवाज खाली आणून, "काटं लय असतात त्यात."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. वैशाखात माझ्या तीन खोल्या पुऱ्या झाल्या. दिघीहून फेरीबोटीतून गाड्या घेऊन येणारे पाहुणे थेट दारात उतरले पाहिजेत, म्हणून मी मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत उतारावरून कच्चा रस्ता काढला. इस्माईलभाईंच्या डंपरमधून मुरूम आणला. तो इकडच्यासारखा लाल नव्हता, जांभळट, बारीक, अगदी मऊ. मी अनवाणी चालून पाहिलं आणि खूश झालो. रस्त्यावर पाणी साचू नये म्हणून कडेने एक चर खणला आणि तो खालच्या ओढ्याला सोडला. हे चराचं डोकं माझं स्वतःचं होतं, आणि मी ते चार लोकांना बोलावून दाखवलंही होतं. नाना त्या दिवसांत नानींच्या औषधपाण्यासाठी मुरुडला राहिले होते, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

पंधरा दिवसांनी वळवाची एक जोरदार सर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात उभे. फुंकणी हातात, आणि गाल अजून दुखत असल्यासारखे धरलेले. "सायेब," ते म्हणाले, "पाळणा बुजला." मी त्यांच्याबरोबर धावलो. गोट्यांवर जांभळट साय धरली होती. नानांनी चिमूटभर उचलली, बोटांत चोळली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चोळली. "ह्यो वरनं आलाय," एवढंच म्हणाले. "पाऊस लागायला पंधरा दिस हायत. येनारं बंद झालं तं गोटं धुता येतील. न्हाय झालं तं रोज धुवा आन रोज भरा. औंदा अंडी गेली तं मंग खलास."

माझं रक्त उसळलं. "नाना, हा हरामखोर कोण ते मी शोधून काढतो!" मी तिथेच पात्रात उभा राहून जाहीर केलं. नाना फुंकणी काखेत मारून काठाकडे वळले.

संध्याकाळपर्यंत मी 'पाळणा बचाव समिती' स्थापन केली, अध्यक्ष झालो आणि मोबाइलवर गट उघडला. गटात सगळा गाव आला. माझ्या प्रत्येक संदेशाला लोक हात जोडलेली चित्रं पाठवत होते आणि काही जण, का कोण जाणे, हसून रडणारी. मी काठावर पाटी लावली: 'नदीत माती सोडणाऱ्याची गय केली जाणार नाही.' पाटीसाठी खड्डा खणताना निघालेली माती पाण्यात गेली, ती नानांनी गुपचूप ओंजळीने बाहेर काढली.

मग तपास. ओढ्याच्या काठाने जांभळट ओघळ धरून वर जायचं. पुढे मी, हातात काठी, मागे नाना आणि त्यांच्या मागे रोज नवे दोनतीन प्रेक्षक. जिथे दोन ओहोळ मिळायचे तिथे नाना विचारायचे, "आता कुठं, सायेब?" मी वाकून रंग बघायचो आणि तज्ज्ञासारखा सांगायचो, "उजवीकडे." पुढच्या फाट्यावर परत उजवीकडे. शेवटच्या फाट्यावर ओघळ उजवीकडून येत होता आणि उजवीकडे पन्नास पावलांवर माझ्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. मी छपराकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "इथे ओघळ चुकलाय. पुढे तर माझीच जागा आहे. डावीकडे चला."

मागे कोणाला तरी जोराचा खोकला आला. नाना शांतपणे म्हणाले, "चल. तू अध्यक्ष."

डावीकडे काजूची बाग होती आणि बागेत एक म्हैस डबक्यात बसली होती. मी तीन दिवस त्या म्हशीच्या मागे होतो. तिच्या मालकाला मी लेखी ताकीद दिली. त्याने ती म्हशीलाच वाचून दाखवली. चंद्राबाईंनाही मी सोडलं नाही. टोपली धुताना त्या माती सोडतात का, असं मी विचारल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आरं मेल्या, मी खाडीवरची. पानी वरनं खाली येतं का खालनं वर जातं? तुज्या मुंबैत उलटं व्हातं का?" शेवटी मी इस्माईलभाईंना गाठलं. म्हटलं, तुमचा डंपर सगळीकडे फिरतो, असला जांभळा मुरूम कोणी टाकलाय, आठवतं का? इस्माईलभाईंनी चहाचा कप खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अल्लाची कसम सांगतो भाई, तुमच्याइतका नेक दिलाचा माणूस मी बघितला नाही." मी ते कौतुक म्हणून गटावर टाकलं. पुन्हा हसून रडणारी चित्रं.

आठव्या दिवशी दुपारी पुन्हा सर आली. मी चहाचा कप घेऊन माझ्याच फाटकात उभा होतो, माझा रस्ता पावसात कसा टिकतो ते कौतुकाने बघत. पाणी साचत नव्हतं. चर फारच उत्तम काम करत होता. रस्त्यावरून पाणी चरात, चरातून ओढ्याकडे, खळखळत, जांभळं. माझ्या चपलेवरून एक ओघळ गेला आणि पावलावर जांभळट साय ठेवून गेला. मी वाकलो. ती चिमटीत घेतली. बोटांत चोळली. त्यानंतर चहात किती पाऊस पडला ते मला माहीत नाही.

मी तसाच भिजत नानांच्या घरी पळालो. पडवीत नाना, नानी, चंद्राबाई, इस्माईलभाई आणि म्हशीचा मालक असे ओळीने बसले होते. बहुतेक ते रोजच बसत असावेत.

नानींनी विचारलं, "घावला?"

"घावला," मी म्हणालो.

"कोन?"

"मी."

नानींनी कोरडा पंचा माझ्या अंगावर फेकला. मग चंद्राबाई म्हशीच्या मालकाला म्हणाल्या, "बग, मी म्हनलं व्हतं ना, दिवाळीच्या आत शोधील!" आणि सगळी पडवी हसायला लागली. माझे दात वाजत होते, थंडीने आणि लाजेने सारखेच. मी नानांसमोर बसलो. "नाना, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही? आठ दिवस फुकट गेले!"

नाना हसत नव्हते. "सांगितलं असतं तं तू काय केलं असतंस? नकाशा आनला असतास. चराचं डोकं किती भारी हाय ते मला शिकवलं असतंस. महिना गेला असता. तुजी जात वळखतो मी, विम्यावाला. तुला दुसऱ्यानं पटवलेलं पटत न्हाय." मग थोडं थांबून, "पन आठ म्हंजी जरा जास्तच झालं हां. मला वाटलं, दोन दिसांत घावशील."

पावसाला सात दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझा रस्ता उचलायला सुरुवात झाली. इस्माईलभाईंनी डंपर आणला, पण डंपर उतारावर घेतला तर आणखी माती सुटेल म्हणून नानांनी तो वरच उभा करवला. म्हणजे मुरूम फावड्याने ओढायचा, घमेल्यात भरायचा आणि डोक्यावरून वर न्यायचा. म्हशीचा मालकही आला. त्याने मला दिवसभर "अध्यक्ष" म्हणूनच हाक मारली. चर दगडांनी बुजवला. उघड्या पडलेल्या उतारावर पालापाचोळा आणि आंब्याच्या फांद्या पसरल्या. आणि शेवटचे तीन दिवस पाळणा. नानांचे गुडघे तोवर कामातून गेले होते, म्हणून ते दगडावर बसून हुकूम सोडायचे. मी दाताळ्याने गोटे हलवायचो, गाळ उठायचा, पाणी त्याला घेऊन जायचं. "खोल नको! पोटात नको खुपसू, पाठ खाजव, पाठ!" म्हणून मी नदीची पाठ खाजवत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी मला फुंकायला लावलं. मी गाल फुगवले. बराच वेळ काही नाही. मग हातभर लांबवर एक बुडबुडा आला. मग दोन. मग माझ्या मागून एक. नाना ओरडले, "त्यो मोजू नको, त्यो तुजा हाय!"

पाऊस लागला तो धो धो लागला. नदी लाल झाली, सगळं झाकलं गेलं. आपण वेळेवर पोचलो की नाही हे कळायला मार्गच नव्हता. श्रावण गेला, गणपती गेले. नाना नदीचं नाव काढायचे नाहीत आणि मीही नाही. नवरात्रात पाणी निवळलं तसे ते एका सकाळी काठी टेकत आले. "चल." आम्ही पाळण्याच्या खालच्या संथ पाण्यात उभे राहिलो. पहिल्यांदा मला काही दिसलं नाही. मग सावल्या हलल्या. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, ढीगभर, पारदर्शक, एकदम इकडे वळणारी, एकदम तिकडे. नानांच्या पायाच्या केसांना ती चोच मारत होती.

"हात जोड," नाना म्हणाले.

"कोणाला?"

"त्यांना. माफी माग. मोठ्यानं."

मी हात जोडले आणि भर नदीत, पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगून, माशांची माफी मागितली. काठावरून टोपली घेऊन चाललेल्या चंद्राबाई थबकल्या. "बाय गो! ह्यो आता पुरताच गेला," असं म्हणून चालू लागल्या. मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाले, "जोरात बोल, त्या मागच्यांना आयकू गेलं न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्यांच्या दुखण्याने नाना-नानी खारघरला मुलाकडे गेले. एस.टी.त बसताना नानांनी मला काही दिलं नाही, काही सोपवलं नाही. खिडकीतून डोकं काढून फक्त विचारलं, "रस्ता परत करशील का रं?" मी म्हणालो, "बघू." गाडी सुटली. नाना वळून वळून बघत होते, माझ्याकडे नाही, नदीकडे.

माझ्या घराला अजून रस्ता नाही. पाहुणे मुख्य रस्त्यावर गाडी लावतात आणि बॅगा उचलून पायवाटेने खाली येतात. कोणी कुरकुरतं, कोणी अर्ध्या वाटेतून परत जातं. गेल्या महिन्यात एका पाहुण्याने इंटरनेटवर माझ्या जागेबद्दल लिहिलं आणि पाचपैकी एकच तारा दिला. मला इतकं लागलं की मी खारघरला फोन लावून नानांना ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं: "घरापर्यंत रस्ता नाही. सामान स्वतः वाहावं लागतं. मालक हाक मारल्यावर सापडत नाही, तो दिवसभर नदीत असतो. चहा अकरा वाजता मिळाला."

वाचून संपवलं. मला वाटलं, नाना आता चार शब्द समजुतीचे सांगतील.

"मंग?" नाना म्हणाले. "खोटं काय लिवलंय त्यानं?"